कामापुरता अधिकार: लिनक्सवरील पासवर्ड आणि परवानग्या

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात नवे सॉफ्टवेअर टाकायचे, घड्याळाची वेळ बदलायची किंवा घरातल्या दुसऱ्या कोणासाठी खाते उघडायचे झाले, की पडद्यावर एक छोटी चौकट येते आणि पासवर्ड मागते. लॉग-इन करताना पासवर्ड एकदा देऊन झालेला असतो, संगणकही स्वतःच्या पैशांनी घेतलेला असतो, तरी ही विचारणा होतेच. नव्याने लिनक्सकडे वळलेल्या माणसाला ती जाचक वाटते आणि मग ती कायमची बंद कशी करता येईल, याचा शोध सुरू होतो.

या विचारणेमागे एक तत्त्व आहे. संगणकाच्या मुळाशी हात घालण्याचा अधिकार कोणाकडेही दिवसभर चालू ठेवायचा नाही. ज्या कामाला तो लागेल त्या कामापुरता द्यायचा आणि काम झाले की काढून घ्यायचा. लिनक्समधील खाती, फाईलींवरच्या परवानग्या, पासवर्ड साठवण्याची रीत आणि सुडो ही कमांड या सगळ्यांची रचना याच तत्त्वाभोवती झाली आहे. उबुंटू, डेबियन, फेडोरा, लिनक्स मिंट अशा वेगवेगळ्या प्रणालींमध्ये बारीकसारीक फरक असले, तरी गाभा सारखाच आहे.

कर्नलपुढे माणूस म्हणजे क्रमांक

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. त्याच्या लेखी प्रत्येक वापरकर्ता हा एक क्रमांक असतो. उबुंटू, डेबियन किंवा फेडोरा बसवताना जे पहिले खाते उघडले जाते त्याला १००० हा क्रमांक मिळतो, पुढच्या खात्याला १००१. त्याखालचे बहुतेक क्रमांक माणसांसाठी नसतात. छपाई, नेटवर्क, प्रणालीच्या नोंदी अशी कामे पडद्यामागे सांभाळणारे अनेक प्रोग्रॅम स्वतःच्या स्वतंत्र खात्यांखाली चालतात. त्यांतला एखादा बिघडला किंवा कोणी त्याचा ताबा मिळवला, तरी नुकसान त्या खात्यापुरते राहावे, हा हेतू.

शून्य हा क्रमांक रूट या खात्याचा. शून्य क्रमांकाखाली चालणाऱ्या प्रोग्रॅमला फाईलींवरच्या परवानग्यांची आडकाठी होत नाही. तो कोणाचीही फाईल वाचू शकतो, पुसू शकतो, डिस्क कोरी करू शकतो, कोणाचाही पासवर्ड बदलू शकतो. ही मांडणी लिनक्सपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ पासून युनिक्स ही प्रणाली घडवली. तेव्हा संगणक महाग होता आणि एकाच यंत्रावर अनेक माणसे काम करत. एकाची फाईल दुसऱ्याने बिघडवू नये आणि यंत्राची व्यवस्था पाहणाऱ्याला मात्र सगळीकडे जाता यावे, ही त्या वेळची गरज होती. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नल लिहायला घेतला तेव्हा युनिक्सची हीच घडी त्यांनी उचलली.

माणसाची ओळख क्रमांकाने ठेवण्याचा परिणाम कधी कधी अनपेक्षितपणे दिसतो. लिनक्सच्या ईएक्सटी-४ या पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर फाईलीच्या मालकाचे नाव नसते, क्रमांक असतो. एका संगणकावर १००१ क्रमांकाच्या मुलीने जपून ठेवलेली फाईल दुसऱ्या संगणकावर नेली, तर तिथे १००१ क्रमांक ज्याचा असेल तो त्या फाईलीचा मालक ठरतो. बाजारात मिळणारे बहुतेक पेनड्राइव्ह फॅट किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात. त्यांवर मालकी आणि परवानग्यांची नोंदच होत नाही. अशा पेनड्राइव्हवरच्या एखाद्या फाईलीची परवानगी बदलण्याचा कितीही खटाटोप केला तरी ती बदलत नाही, कारण बदल लिहून ठेवायला जागाच नसते.

नऊ अक्षरांची परवानगी

प्रत्येक फाईलीला एक मालक असतो आणि एक ग्रुप असतो. परवानग्या तीन गटांसाठी वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात: मालक, त्या ग्रुपमधील माणसे आणि बाकीचे सगळे. प्रत्येक गटासाठी तीन मुभा असतात. वाचण्याची मुभा ‘आर’ या अक्षराने, लिहिण्याची ‘डब्ल्यू’ने आणि प्रोग्रॅम म्हणून चालवण्याची ‘एक्स’ने दाखवतात. टर्मिनलमध्ये फाईलींची तपशीलवार यादी मागवली की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ही नऊ अक्षरे एका रांगेत दिसतात. जी मुभा नाही तिथे आडवी रेघ असते. रांगेच्याही आधी आणखी एक खूण असते. तिथे ‘डी’ असेल तर ते फोल्डर आहे असे समजायचे.

हीच माहिती आकड्यांतही लिहिता येते. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचे १ असे धरून प्रत्येक गटाची बेरीज करायची. ६४४ म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येईल, इतरांना फक्त वाचता येईल. ७५५ म्हणजे मालकाला सर्व मुभा, इतरांना वाचण्याची आणि चालवण्याची. ६०० म्हणजे मालकावाचून कोणाला ती फाईल उघडता येणार नाही. परवानगी बदलण्याच्या कमांडला सीएचमॉड म्हणतात आणि मालक बदलण्याच्या कमांडला सीएचओन. आपल्या फाईलीची परवानगी मालकाला स्वतः बदलता येते. मालकी दुसऱ्याच्या नावे करणे मात्र रूटच्याच हाती असते.

फोल्डरच्या बाबतीत या तीन मुभांचा अर्थ बदलतो आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. फोल्डर वाचण्याची मुभा म्हणजे आतल्या फाईलींची नावे पाहण्याची मुभा. फोल्डरवरचा ‘एक्स’ म्हणजे आत जाण्याची मुभा. फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा म्हणजे तिथे नवी फाईल ठेवण्याची आणि असलेली काढून टाकण्याची मुभा, आणि तिला आत जाण्याच्या मुभेची जोड लागते. म्हणजे फाईल पुसता येईल की नाही, हे त्या फाईलीवरच्या परवानगीवरून ठरत नाही. ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरवरच्या परवानगीवरून ठरते. स्वतःच्या फोल्डरमध्ये पडलेली रूटच्या मालकीची फाईल साध्या वापरकर्त्याला बदलता येत नाही, पण पुसता येते.

तात्पुरत्या फाईली ठेवण्याच्या ‘टेंप’ या सामाईक फोल्डरमध्ये या नियमाने भलतीच अडचण झाली असती. तिथे सगळ्यांना लिहिण्याची मुभा असते, त्यामुळे कोणीही कोणाचीही फाईल काढून टाकली असती. म्हणून त्या फोल्डरवर ‘टी’ अशी एक जादा खूण असते. ती असली की तिथली फाईल काढण्याचा अधिकार त्या फाईलीचा मालक, फोल्डरचा मालक आणि रूट एवढ्यांपुरताच राहतो.

प्रत्येक वापरकर्त्याचे घर म्हणजे ‘होम’मधील त्याच्या नावाचे फोल्डर. उबुंटूमध्ये बरीच वर्षे ते ७५५ असे बनत असे. म्हणजे एकाच संगणकावर खाते असलेल्या दुसऱ्याला त्यात डोकावता येत असे. २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्यांची घरे ७५० अशी बनतात आणि परक्यांना आत जाता येत नाही.

पासवर्ड साठवलेला नसतो

खात्यांची यादी ‘ईटीसी’ या फोल्डरमधील ‘पासवर्ड’ नावाच्या फाईलीत असते. टर्मिनलमध्ये तिचे नाव पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी असे दिसते. नाव तसे असले तरी आज तिच्यात पासवर्ड नसतो. खात्याचे नाव, क्रमांक, घराचा पत्ता अशी माहिती असते आणि ती कोणालाही वाचता येते. तशी ती वाचता यावी लागते, कारण यादीत फाईलीच्या मालकाचे नाव दाखवायचे तर क्रमांकावरून नाव शोधावे लागते.

पासवर्डची शहानिशा ज्याच्या आधारे होते तो मजकूर शेजारच्या ‘शॅडो’ या फाईलीत असतो आणि ती साध्या वापरकर्त्याला वाचता येत नाही. तिच्यातही मूळ पासवर्ड नसतो. त्यावर गणिती प्रक्रिया करून मिळालेला निकाल, म्हणजे हॅश, तेवढा लिहिलेला असतो. लॉग-इनच्या वेळी टंकलेल्या पासवर्डवर तीच प्रक्रिया पुन्हा होते आणि दोन्ही निकाल जुळले तर प्रवेश मिळतो. निकालावरून मूळ पासवर्ड उलट काढता येत नाही. त्यामुळे संगणकाच्या प्रशासकालाही कोणाचा पासवर्ड काय आहे हे पाहता येत नाही. त्याला फक्त नवा ठरवून देता येतो.

ही रीत अनुभवातून आली. बेल लॅब्समधील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये पासवर्डच्या सुरक्षिततेवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी ३,२८९ खरे पासवर्ड तपासले होते. त्यांतले सुमारे ८६ टक्के एक तर फार आखूड होते, नाहीतर शब्दकोशात किंवा नावांच्या यादीत सापडणारे होते, म्हणजे यंत्राला सहज ओळखता येण्याजोगे. त्यावर त्यांनी दोन उपाय पुढे केले. हॅश काढण्याची प्रक्रिया मुद्दाम संथ ठेवायची, म्हणजे लाखो अंदाज करून पाहणाऱ्याला वेळ लागेल. आणि प्रत्येक पासवर्डमध्ये यदृच्छेने निवडलेला एक छोटा आकडा मिसळायचा, ज्याला सॉल्ट म्हणतात, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे दिसतील.

त्या काळी हॅश सर्वांना वाचता येणाऱ्या फाईलीतच असत. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर सोडल्या गेलेल्या एका कृमी-प्रोग्रॅमने त्याचा फायदा घेतला. इतर युक्त्यांबरोबर तो सापडेल त्या यंत्रावरची ही फाईल वाचून खात्यांचे पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करी. त्याच्याजवळ त्यासाठी ४३२ शब्दांची यादी होती. तो लिहिणारा विद्यार्थी याच रॉबर्ट मॉरिस यांचा मुलगा होता. हॅश वेगळ्या, बंद फाईलीत हलवण्याची पद्धत याच सुमारास रुजू लागली. आज डेबियन, उबुंटू आणि फेडोरा यांच्या नव्या आवृत्त्या यस्क्रिप्ट नावाची हॅश पद्धत वापरतात. अंदाज करणाऱ्याला वेळेबरोबर मेमरीचाही खर्च पडावा, अशी तिची रचना आहे.

साध्या माणसाच्या हाती रूटचे एक काम

इथे एक पेच उभा राहतो. ‘शॅडो’ फाईलीत लिहिण्याचा अधिकार फक्त रूटला आहे, तर साध्या वापरकर्त्याने स्वतःचा पासवर्ड बदलायचा कसा? प्रत्येक वेळी रूटला साकडे घालणे शक्य नाही आणि फाईल सर्वांना उघडी करणे परवडणारे नाही.

याचे उत्तर डेनिस रिची यांनी शोधले आणि त्यावर १९७९ मध्ये पेटंटही मिळाले. प्रोग्रॅमच्या फाईलीवर एक खास खूण करायची. ती असलेला प्रोग्रॅम कोणीही सुरू केला तरी तो सुरू करणाऱ्याच्या अधिकाराने चालत नाही, फाईलीच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. या खुणेला सेट-यूआयडी म्हणतात आणि परवानग्यांच्या रांगेत मालकाच्या ‘एक्स’च्या जागी ‘एस’ दिसतो. पासवर्ड बदलण्याच्या प्रोग्रॅमचा मालक रूट आहे आणि त्यावर हा ‘एस’ आहे. तो चालू झाला की जुना पासवर्ड विचारतो, तो बरोबर असेल तर बोलावणाऱ्याच्या नावापुरती नोंद बदलतो आणि संपतो. रूटचा अधिकार वापरला गेला, पण वापरकर्त्याच्या हाती तो आला नाही.

अर्थात अशा प्रोग्रॅममध्ये चूक राहिली तर ती महागात पडते. म्हणून एखाद्या संगणकावर सेट-यूआयडी खूण असलेले प्रोग्रॅम जितके कमी, तितके बरे मानतात. त्यांतला सर्वांत जास्त वापरला जाणारा प्रोग्रॅम म्हणजे सुडो.

सुडो

रूट होण्याचा जुना मार्ग म्हणजे ‘एसयू’ ही कमांड. ती रूटचा पासवर्ड विचारते आणि त्यापुढे सगळे काम रूट म्हणून चालते, जोवर माणूस स्वतःहून बाहेर पडत नाही तोवर. यात दोन अडचणी. चार जणांना प्रशासनाचे काम करायचे असेल तर चौघांना एकच पासवर्ड सांगावा लागतो, आणि कोणी काय केले हे नंतर कळत नाही. शिवाय एकदा रूट झालेला माणूस पत्र लिहिणे, फाईल शोधणे अशी साधी कामेही रूट म्हणूनच करत बसतो.

अमेरिकेतील बफेलो येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी १९८० च्या सुमारास सुडोची पहिली आवृत्ती लिहिली. टॉड मिलर हे १९९० च्या दशकापासून ती सांभाळत आले आहेत. सुडो रूटचा पासवर्ड विचारत नाही. काम करणाऱ्याचा स्वतःचा पासवर्ड विचारते. खुर्चीत बसलेला माणूस खरोखर तोच आहे ना, एवढे त्यातून ठरते. त्याला ते काम करण्याची मुभा आहे की नाही, हे ‘सुडोअर्स’ या फाईलीतील नियमांवरून ठरते. मुभा असेल तर ती एक कमांड रूट म्हणून चालते आणि कोणी, केव्हा, कोणती कमांड चालवली याची नोंद राहते. मुभा नसेल तर नकार मिळतो आणि त्या प्रयत्नाचीही नोंद होते.

उबुंटूने ऑक्टोबर २००४ मधील पहिल्याच आवृत्तीपासून रूटचे लॉग-इन बंद ठेवले. खाते असते, पण त्याच्या पासवर्डच्या जागी असे चिन्ह असते की कोणताही पासवर्ड त्याच्याशी जुळू शकत नाही. पहिल्या खात्याला सुडोची मुभा मिळते, नंतर उघडलेल्या खात्यांना ती आपोआप मिळत नाही. डेबियन बसवताना रूटचा पासवर्ड कोरा सोडला तर हीच व्यवस्था होते. तो दिला तर रूट खाते चालू राहते आणि पहिल्या खात्याला सुडो मिळत नाही. ‘उबुंटूत चालते ते डेबियनमध्ये का चालत नाही’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा या एका रिकाम्या जागेत असते.

टर्मिनलमध्ये सुडोला पासवर्ड देताना बहुतेक प्रणालींत पडद्यावर काहीही उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कळफलक बिघडला असे वाटते, पण अक्षरे पोचत असतात. पासवर्डची लांबीही कोणाला कळू नये म्हणून ही व्यवस्था आहे. लिनक्स मिंट मात्र तारका दाखवते. मराठी टंकणाऱ्यांसाठी यात एक खाच आहे. कळफलक इन्स्क्रिप्ट मराठीवर राहिलेला असेल तर पासवर्डची अक्षरे देवनागरीत जातात आणि पडद्यावर काही दिसत नसल्याने पासवर्ड का चुकतो, हे उमगत नाही. तीन वेळा नकार मिळाला की आधी कळफलकाची भाषा पाहावी. याच कारणाने पासवर्ड देवनागरीत ठेवणेही गैरसोयीचे ठरते: चित्रमय पडदा बंद पडून काळ्या पडद्यावर काम करायची वेळ आली, तर तिथे ही अक्षरे टंकण्याची सोय सहसा नसते.

एकदा पासवर्ड दिल्यावर सुडो काही वेळ पुन्हा विचारत नाही. मूळ सुडोमध्ये ही मुदत ५ मिनिटांची आहे, डेबियन आणि उबुंटूमध्ये १५ मिनिटांची, आणि तीही त्याच टर्मिनलपुरती. जागा सोडून उठायचे असेल तर ‘सुडो’ला ‘के’ हा पर्याय जोडून मुदत लगेच संपवता येते.

चौकटीमागचा पोलकिट

माउसने काम करणाऱ्यापुढे येणारी पासवर्डची चौकट सहसा सुडोची नसते, पोलकिट या वेगळ्या यंत्रणेची असते. सुडो अख्खा प्रोग्रॅम रूट म्हणून चालवते. पोलकिटमध्ये प्रोग्रॅम साधाच राहतो आणि पडद्यामागे रूट म्हणून चालणाऱ्या सेवेला एक विशिष्ट काम करायला सांगतो. ती सेवा पोलकिटला विचारते की या माणसाला हे काम करू द्यायचे का. प्रत्येक कामाचा नियम वेगळा असतो: बिनबोभाट होऊ द्या, स्वतःचा पासवर्ड विचारा, प्रशासकाचा पासवर्ड विचारा, किंवा सरळ नकार द्या. माणूस प्रत्यक्ष संगणकासमोर बसला आहे की दुरून जोडला गेला आहे, हेही पाहिले जाते.

म्हणूनच पेनड्राइव्ह लावला की तो विनाविचारणा उघडतो. समोर बसलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने लावलेली ती वस्तू असते. त्याच संगणकातील आतल्या डिस्कचा विंडोजचा भाग उघडायला गेले की मात्र पासवर्ड मागितला जातो, कारण ती डिस्क साऱ्या संगणकाची आहे.

ग्रुपची वाट

काही कामांना रूट व्हावे लागत नाही, योग्य ग्रुपमध्ये असणे पुरते. अभियांत्रिकीच्या मुलांना हे आर्दुइनो बोर्डावर शिकताना हमखास आढळते. उबुंटूवर बोर्ड जोडला जातो, प्रोग्रॅम चढवायला गेले की परवानगी नाकारल्याचा संदेश येतो. सिरीयल पोर्टची फाईल रूटच्या मालकीची आणि ‘डायलआउट’ या ग्रुपची असते. वापरकर्त्याला त्या ग्रुपमध्ये घातले की प्रश्न सुटतो. मात्र नव्या ग्रुपची दखल पुढच्या लॉग-इनपासून घेतली जाते, म्हणून एकदा बाहेर पडून परत यावे लागते. हे ठाऊक नसले की सुडो लावून सगळे सॉफ्टवेअरच रूट म्हणून चालवण्याचा मोह होतो.

सुडोची मुभाही ग्रुपमधूनच मिळते. उबुंटू आणि डेबियनमध्ये त्या ग्रुपचे नाव ‘सुडो’ आहे, फेडोरामध्ये ‘व्हील’. काही ग्रुप वरकरणी निरुपद्रवी दिसतात पण तसे नसतात. ‘डॉकर’ ग्रुपमधील माणूस रूटच्या ताकदीचा कंटेनर चालवून साऱ्या डिस्कवर लिहू शकतो, तेही पासवर्डविना.

नेहमी होणारे घोटाळे

परवानगी नाकारली गेली की ‘७७७ करून टाका’ हा सल्ला सर्रास मिळतो. ७७७ म्हणजे सर्वांना सर्व मुभा. एखाद्या फाईलीपुरते ते केले तर धोका मर्यादित राहतो. सुडो लावून साऱ्या डिस्कवर केले तर संगणक जवळजवळ निकामी होतो. आकडा लिहून परवानगी बदलली की सेट-यूआयडीची खूण पुसली जाते. त्यात सुडोचीही खूण जाते आणि सुडो रूट होऊच शकत नाही, म्हणजे चूक निस्तरण्याचे साधनच हातचे जाते. शिवाय ‘सुडोअर्स’ फाईल कोणालाही लिहिण्याजोगी झाली असेल तर सुडो तिच्यावर विश्वास ठेवत नाही. हजारो फाईलींच्या मूळ परवानग्या हाताने परत लावणे कोणाच्याच आवाक्यात नसते. बहुधा प्रणाली पुन्हा बसवावी लागते.

दुसरा घोटाळा चित्रमय प्रोग्रॅम सुडो लावून चालवण्याचा. असा प्रोग्रॅम वापरकर्त्याच्या घरात रूटच्या मालकीच्या फाईली सोडून जाऊ शकतो. लॉग-इनसाठी लागणारी ‘एक्स-ऑथॉरिटी’ ही दडलेली फाईल त्यांत असेल, तर पुढच्या वेळी पासवर्ड बरोबर दिला तरी लॉग-इनचाच पडदा पुन्हा येतो. मालकी सीएचओनने परत स्वतःच्या नावे केली की काम सुरळीत होते.

‘सुडोअर्स’ फाईल साध्या संपादकात उघडून बदलणे हा तिसरा. एखादा शब्द चुकला तर सुडो चालेनाशी होते. यासाठी व्हीआयसुडो ही कमांड आहे. ती जतन करण्यापूर्वी मजकूर तपासते आणि चूक असेल तर सावध करते.

अनोळखी ठिकाणाहून उचललेली कमांड सुडो लावून चालवणे हा त्याहून गंभीर प्रकार. पॅकेज बसवतानाही त्याच्यासोबत आलेल्या सूचना रूट म्हणून चालतात. तेव्हा पासवर्ड देणे म्हणजे त्या पॅकेजच्या कर्त्याला घडीभर पूर्ण अधिकार देणे. प्रणालीच्या अधिकृत भांडारातून सॉफ्टवेअर घ्यावे, असे म्हणतात ते यासाठी.

पासवर्ड विसरला तर

उबुंटूचा पासवर्ड विसरला तर प्रणाली पुन्हा बसवावी लागत नाही. सुरू होताना ग्रब हा मेनू आणून रिकव्हरी मोड निवडायचा, तिथून रूटचा पर्याय घ्यायचा, डिस्क लिहिण्याजोगी करायची आणि आपल्या खात्याला नवा पासवर्ड द्यायचा. रूटला जुना पासवर्ड विचारला जात नाही. मात्र काही प्रोग्रॅमचे साठवलेले पासवर्ड ज्या कीरिंगमध्ये असतात ते जुन्या पासवर्डनेच बंद असते. तो आठवला नाही तर जुने कीरिंग काढून नवे करावे लागते.

जी वाट मालकाला उपयोगी पडते, ती संगणक हाती लागलेल्या चोरालाही मोकळी असते. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली किंवा पेनड्राइव्हवरून दुसरे लिनक्स सुरू केले, की परवानग्या तपासणारा कर्नल चोराचा असतो. परवानग्या चालू असलेल्या प्रणालीत राखण करतात, बंद पडलेल्या डिस्कची नाही. त्यासाठी एन्क्रिप्शन लागते. लिनक्स बसवतानाच लुक्स पद्धतीने डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय मिळतो. त्याचा पासवर्ड लॉग-इनच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि तो विसरला, दुसरी कोणतीही चावीही राखलेली नसली, तर डिस्कवरच्या माहितीवर पाणी सोडावे लागते.

व्यवस्थेच्या मर्यादा

अधिकार वाटणाऱ्या प्रोग्रॅममध्येच दोष निघू शकतात. जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी सुडोमधील एक दोष उघड केला. तो २०११ पासून तिथे होता आणि सुडोची मुभा नसलेल्या स्थानिक वापरकर्त्यालाही त्यातून रूट होता येत होते. पुढच्याच वर्षी जानेवारीत त्यांनी पोलकिटच्या पीकेएक्झेक या प्रोग्रॅममध्ये तसाच दोष दाखवला; तो २००९ पासूनचा होता. दोन्हींची दुरुस्ती तातडीने झाली, पण ती अपडेट करणाऱ्यांनाच मिळाली. दोन्ही दोष मेमरी हाताळण्यातील चुकांचे होते. अशा चुकांना मुळातच वाव राहू नये म्हणून रस्ट या भाषेत नव्याने लिहिलेली सुडो तयार झाली आणि उबुंटूने ऑक्टोबर २०२५ मधील २५.१० आवृत्तीत ती नेहमीची सुडो म्हणून घेतली.

दुसरी मर्यादा मूळ रचनेतलीच आहे. युनिक्सच्या काळी धोका एका माणसाला दुसऱ्या माणसापासून होता. घरगुती संगणकावर माणूस एकच असतो आणि प्रोग्रॅम अनेक. ते सगळे त्याच्याच क्रमांकाखाली चालतात, म्हणून त्याच्या सगळ्या फाईली त्यांना खुल्या असतात. एखाद्या घातक प्रोग्रॅमला छायाचित्रे आणि कागदपत्रे चोरायला किंवा कुलूपबंद करायला रूट व्हावे लागत नाही. प्रशासकाचा पासवर्ड प्रणाली वाचवतो, वापरकर्त्याच्या फाईली नाही. त्या वाचवायला वेगळ्या ठिकाणी ठेवलेला बॅकअप लागतो. फ्लॅटपॅक आणि स्नॅप या पद्धतींत प्रोग्रॅमभोवती कुंपण घालून त्याला ठरावीक फोल्डरपुरते मर्यादित ठेवता येते. उबुंटूतील ॲपआर्मर आणि फेडोरातील एसई-लिनक्स प्रोग्रॅमनिहाय नियम लावतात आणि ते रूटखाली चालणाऱ्या प्रोग्रॅमलाही बांधून ठेवू शकतात.

घरातल्या संगणकासाठी या सगळ्यातून निघणारी व्यवस्था साधी आहे. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे. सुडोची मुभा एकदोघांनाच असावी. मुलांची आणि पाहुण्यांची खाती साधी ठेवावीत. प्रशासकाच्या खात्याचा पासवर्ड लांब असावा आणि तो दुसऱ्या कुठेही वापरलेला नसावा. लॅपटॉप घराबाहेर जात असेल तर डिस्क एन्क्रिप्ट करावी. अपडेट वेळच्या वेळी घ्यावेत. आणि पासवर्डची चौकट समोर आली की कोणता प्रोग्रॅम कोणत्या कामासाठी अधिकार मागतो आहे, हे तिच्यावर लिहिलेले असते; ते वाचावे आणि ते काम आपण सांगितलेले नसेल तर चौकट रद्द करावी.